उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. कंत्राटदार म्हणतो वीस हजार घे आणि सही कर. घेऊ का?

डावखुरा_झालो

नमस्कार. डाव्या अंगठ्याने टाइप करतोय, काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या.

वय २६, गाव औसा तालुक्यात. सध्या चाकणजवळ महाळुंग्यात चौघांत एक खोली. आयटीआय फिटर आहे, पण कामाला लागलो ते कंत्राटदाराकडून, हेल्पर म्हणून. दोन वर्षं दोन महिने झाले. कागदावर अजून हेल्परच आहे, प्रत्यक्षात सहाव्या महिन्यापासून ६३ टनी प्रेस चालवतो.

त्या दिवशी आठ ते आठची रात्रपाळी होती. ब्रॅकेटचं ब्लँकिंग, म्हणजे पत्र्यातून तुकडे कापणं, चालू होतं. हात मधे आला की प्रेस अडवणारा सेन्सर चार दिवसांपासून बायपास केलेला. तो सारखा मधे येऊन स्ट्रोक अडकवायचा आणि तासाचं टार्गेट बसत नव्हतं. दोन हातांची बटणंही बंद करून पेडल जोडलेलं. पहाटे सव्वातीनला पीस डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकला. काढायला हात घातला. पाय पेडलवर होता की नव्हता हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. सुपरवायझर म्हणतो होता. शेजारच्या मशीनवरचा म्हणतो, प्रेस आपोआप परत आली.

तर्जनीची दोन पेरं गेली, मधल्या बोटाचं एक. अनामिका शाबूत आहे पण वाकत नाही.

सुपरवायझरने स्वतःच्या गाडीतून खाजगी दवाखान्यात नेलं. वाटेत समजावलं की डॉक्टरला सांग, मोटरसायकलच्या चेनमध्ये बोटं गेली, नाहीतर पोलीस केस होते आणि मग डॉक्टर हात लावत नाहीत. मी त्या अवस्थेत मान हलवली. केसपेपरवर तेच लिहिलंय. बिल कंत्राटदाराने भरलं, हे खरं आहे, खोटं बोलणार नाही.

आज एकतिसावा दिवस. काल कंत्राटदाराचा माणूस खोलीवर आला. वीस हजार रोख आणि स्टॅम्पपेपर. त्यावर ‘स्वखुशीने काम सोडत आहे, माझी कोणतीही तक्रार नाही’ असं आहे. परवापर्यंत सांग म्हणाला. आई म्हणते घे आणि घरी ये. वडिलांना अजून खरं सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं हाताला थोडं लागलंय.

पगाराच्या पावतीवर १५,८०० आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) ११९ कापलेले दिसतात. कार्ड कधी मिळालं नाही. दोन गोष्टी सांगा. सेन्सर बंद असताना मी हात घातला, म्हणजे चूक माझीच धरतात का? आणि वीस हजार घेऊ का?


प्रॅक्टिकल_बोला

वाईट वाटलं वाचून. पण खरं सांगू, कंपनीशी भांडून कोणाचं भलं झालंय? बिल भरलं, वर वीस देतायत. घे, तीस कर म्हणावं, आणि दुसरीकडे लाग. कोर्टात दहा वर्षं जातील.


जुना_सेटर

वरच्या भाऊंचा सल्ला मी १९९६ साली ऐकला होता. म्हणून तुला लिहितोय बाळा, नीट वाच.

भोसरीत शेड होतं, पंधरा-सोळा माणसं. मी प्रेस सेटर. चाळीस टनी, सी फ्रेम, रोलिंग कीचा क्लच. ज्यांनी ही प्रेस चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. की म्हणजे फ्लायव्हीलचं जड चाक शाफ्टला जोडणारी खीळ. ती एकदा लागली की फ्लायव्हील शाफ्टला अख्खी एक फेरी फिरवून आणणारच, मधे कोणाच्या बापाला थांबत नाही. आणि कीची स्प्रिंग थकली किंवा ब्रेकचं लायनिंग झिजलं, तर रॅम, म्हणजे वरून मारणारा भाग, वर जाऊन थांबायच्या ऐवजी परत खाली येतो. याला आम्ही डबल मारणं म्हणायचो. तुझा शेजारचा जे सांगतोय ते हेच. त्यामुळे पाय पेडलवर होता की नव्हता याचा विचार करून रात्री जागू नकोस. तुझी प्रेस की-क्लचची असेल तर त्या सेन्सरवरही फार भरवसा नको. तो स्ट्रोक सुरू होऊ देणार नाही, पण सुटलेला रॅम त्याला अडवता येत नाही. त्यासाठी हवेच्या दाबावरचा, न्यूमॅटिक क्लच लागतो.

तर माझी डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका गेली. आमचा शेठ वाईट नव्हता. तेच तर. वाईट असता तर मी भांडलो असतो. स्वतः रिक्षात मांडीवर माझा हात धरून बसला, शर्ट रक्ताने भिजला त्याचा. दुसऱ्या दिवशी डबा आणला घरून. आईने त्याला आशीर्वाद दिला. आठव्या दिवशी पाच हजार रुपये आणि एक कोरा कागद आणला, म्हणाला खाली सही कर, हिशोबाला लागते. मी केली. पुढे त्या कागदावर ‘घरी पाण्याच्या मोटारीत हात गेला’ असं लिहिलं गेलं. दोन वर्षांनी शेड बंद पडलं, शेठ गावाला गेला. मग मला एकाने सांगितलं की बोटांना महिन्याला पैसे मिळतात, मरेपर्यंत. गेलो विचारायला. साहेबाने विचारलं, अपघाताचा रिपोर्ट कुठाय? माझ्याकडे होता तो घरच्या मोटारीचा कागद.

म्हणून पहिली गोष्ट, सही नाही. वीस नाही, दोन लाख दिले तरी त्या स्टॅम्पपेपरवर नाही.

दुसरी. कोणतं बोट गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली धरायची, तो बोटांचा तक्ता कायद्यात छापलेला आहे, कोणाच्या मनावर नाही. पूर्ण अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक पेर ९. मधलं बोट पूर्ण १२, दोन पेरं ९, एक पेर ७. अनामिका किंवा करंगळी पूर्ण ७. चारही बोटं गेली तर ५०, अख्खा पंजा ६०. माझी दोन बोटं, म्हणजे २० टक्के. हा तक्ता मला पाठ आहे, काय करणार.

तुझं तक्त्याने ११ आणि ७, म्हणजे १८. आणि ती न वाकणारी अनामिका विसरू नकोस. अवयव जागेवर असून कायमचा पूर्ण निकामी झाला तर तो गेल्यासारखाच धरायचा, असं त्या तक्त्याखालीच लिहिलंय. ती किती निकामी हे मेडिकल बोर्ड ठरवेल. बोर्डासमोर बसशील तेव्हा ते बोट वाकवून दाखव म्हणतील. लोक लाजेने जोर लावून थोडं वाकवून दाखवतात. जेवढं वाकतं तेवढंच वाकव.

चूक कोणाची धरतात ते विचारलंस. ईएसआयमध्ये चूक कोणाची हा प्रश्नच नाही. मालकाचं काम करताना लागलं, एवढं पुरे. नियम मोडून हात घातला असला तरी तो मालकाच्या कामासाठीच घातला होतास, घरच्या पोळ्या लाटायला नाही.

तिसरी, तो चेनचा केसपेपर. उद्याच त्या दवाखान्यात जा, सगळ्या कागदांच्या नकला आणि एक्स-रे माग. ज्या डॉक्टरने ऑपरेशन केलं त्यांना खरं सांग. चेनमधली जखम आणि प्रेसखाली चिरडलेलं बोट यातला फरक त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. ऑपरेशनच्या नोंदीत काय लिहिलंय ते वाचून घे.

आणि एक, हे तुझ्यासाठी नाही, इथे वाचणाऱ्या बाकी पोरांसाठी. बोट तुटलं तर ते शोधा. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फात बोट टाकायचं नाही, मांस जळतं. असं थंड ठेवलेलं बोट काही तासांनीही जोडता येतं. माझी दोन्ही भंगाराच्या बिनमध्ये गेली.


पगारपत्रक

मी एका लेबर कंत्राटदाराकडे पगारपत्रक करतो. यापुढे माझं नाव विचारू नका.

डावखुरा_झालो, तुझी पावती बघून मला आधी एकच शंका आली. ११९ कापले म्हणजे भरले असं नाही. १५,८०० वर तुझे पाऊण टक्का, ११९. मालकाचे सव्वातीन टक्के, ५१४. माणसामागे महिन्याला ६३३ रुपये वाचतात म्हणून काही जण भरतच नाहीत आणि अपघात झाला की त्या आठवड्यात घाईघाईने नोंदणी करतात. प्रेसवर बोटं गमावलेल्या कामगारांसोबत मानेसर-फरिदाबादकडे काम करणारी सेफ इन इंडिया नावाची संस्था आहे. तिच्या अहवालांतही हेच येतं, की खूप जणांना कार्ड अपघातानंतरच मिळतं. तेव्हा ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन आधार दाखव, तुझा दहा आकडी विमा नंबर आणि नोंदणीची तारीख काढ.

तारीख अपघातानंतरची निघाली तर घाबरू नकोस. हक्क कामावर लागल्या दिवसापासूनचा असतो. या लाभाला इतके महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. मालकाने भरले नाहीत तर ईएसआयचं महामंडळ तुला देतं आणि त्याच्याकडून वसूल करतं. आणि मालक म्हणजे फक्त कंत्राटदार नाही, ज्या कंपनीच्या छताखाली प्रेस आहे ती मूळ मालक. कंत्राटदार पळाला तरी छप्पर पळत नाही. पावत्या आणि पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट जपून ठेव.

आता पैसे. हातावर बँडेज आहे आणि डॉक्टर काम करू नको म्हणतो तोवर सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो, खाजगी चालत नाही, म्हणून आजच जा. गेले एकतीस दिवस नियमित करून घ्यायला खाजगी दवाखान्याचे कागद सोबत ने. हे पैसे मिळत असताना तुला कामावरून काढताही येत नाही. ‘स्वखुशीने काम सोडत आहे’ हे वाक्य त्या स्टॅम्पपेपरवर कशाला आहे ते आता कळलं असेल.

मग बोर्ड टक्के ठरवतं. तुझा रोज ढोबळ ५२५ धरू. त्याचे ९० टक्के ४७२. त्याचे १८ टक्के म्हणजे दिवसाला ८५, महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. कमी वाटतील. पण हे आयुष्यभर आहेत आणि दुसरीकडे नोकरी लागली तरी बंद होत नाहीत. तू ६६ वर्षांचा होईपर्यंतचे धरले तर बारा लाखांच्या वर जातात. त्याच्यासमोर वीस हजार ठेव.

बोर्डाने टक्के कमी दिले तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं.

ज्यांना ईएसआय लागूच नाही त्यांचा रस्ता वेगळा, १९२३ च्या भरपाई कायद्याचा. उदाहरणार्थ अप्रेंटिस कायद्याखालचे ट्रेनी, जे इथे बरेच वाचत असतील. तिथे एकरकमी मिळते. २६ वर्षांच्या माणसाचा गुणक २१५.२८ आहे. पगार कितीही असो, १५,००० पर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले २१५.२८, त्याचे १८ टक्के. ३,४८,७५४ रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज. दावा दोन वर्षांच्या आत. दोन्हीकडून मात्र घेता येत नाही, ईएसआय असेल तर ईएसआयच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे घातलेत, त्यामुळे कलमांचे आकडे कोणी वेगळे सांगितले तर गोंधळू नकोस. बोटांचा तक्ता तोच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. तुमच्याकडे हजेरी बोट लावून होते का? होत असेल तर त्या रात्रीचा रिपोर्ट मिळव. इन-पंच असेल, आऊट-पंच नसेल. पहाटे सव्वातीनला तू मोटरसायकलवर होतास म्हणणाऱ्याला हे दाखवायचं.


ललिता_मोहननगर

माझ्या मिस्टरांचं मधलं बोट सहा वर्षांपूर्वी गेलं, लेथवर. कागदांचं वरच्या दोघांनी सांगितलंय. मी घरातलं सांगते.

टाके निघाले की व्यायामाला लगेच लागा. आमच्याकडे दुखतं म्हणून दीड महिना हात गळ्यात अडकवून ठेवला आणि बाजूचं चांगलं बोट आखडून बसलं. तुमची अनामिका अजून सुटू शकते. कोमट पाण्यात स्पंज दाबायचा, कणीक मळायची. हो, कणीक. माझ्या सासूबाईंना ते बघवत नव्हतं, मुलगा कणीक मळतोय म्हणून. आता चपात्या तेच करतात.

नसलेलं बोट खाजतं, दुखतं. वेड लागलंय असं वाटू देऊ नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध असतं. आणि वडिलांना सांगा हो.


डावखुरा_झालो

सगळ्यांचे आभार. रात्री तीन वेळा वाचलं. जुना_सेटर काका, प्रेस की-क्लचचीच आहे. सेन्सर मागच्या वर्षी मोठ्या कंपनीचं ऑडिट आलं तेव्हा बसवला होता.

कंत्राटदाराने अपघाताचा रिपोर्ट दिलेला नाही हे आज कळलं. सरळ म्हणाला, अपघात कुठे झालाय? आता तो देणारच नसेल तर पुढे कसं? आणि हजेरी बोटावरच आहे. पण रिपोर्ट मला कोण देणार, गेटवर आत सोडत नाहीत.


जुना_सेटर

तू दे. अपघाताची खबर कामगार स्वतः देऊ शकतो, तोंडी पण आणि लेखी पण. लेखीच दे. साध्या कागदावर तारीख, वेळ, पाळी, मशीन, काय काम चालू होतं, कोण हजर होतं, कोणी गाडीतून नेलं. सेन्सर आणि बटणांचं पण लिही. एक प्रत कंत्राटदाराला, एक कंपनीला, एक ईएसआयच्या शाखेला. हातात देत बसू नकोस, रजिस्टर एडीने पाठव आणि पोचपावत्या आईच्या डब्यात ठेव. खबर मिळाल्यावर रिपोर्ट भरणं त्यांच्यावर येतं, फॉर्म १२. नाही भरला तर शाखा कार्यालय स्वतः चौकशी करतं.

चौथी प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. अपघाताने माणूस ४८ तासांपेक्षा जास्त कामाबाहेर राहिला तर कारखान्याने त्यांना कळवावंच लागतं. कळवलेलं नसणार. त्यांचा माणूस आला की प्रेसवर गार्ड कसं रातोरात उगवतं ते मी पाहिलंय. तुझी बोटं येणार नाहीत, पण आज त्याच प्रेसवर कोणीतरी बसलाच असेल ना.

शेजारच्या मशीनवाल्याला साक्षीचं विचार, पण दबाव टाकू नकोस. त्याला तिथेच काम करायचंय.


पगारपत्रक

हजेरीचा रिपोर्ट तुझ्या नोटिशीतच मागून घे, म्हणजे नंतर ‘मशीन बिघडलं होतं’ म्हणता येणार नाही. शिवाय टाइम ऑफिसमध्ये तुझ्या गावाकडचं कोणी असेलच. लातूरकडचं कोणी नाही असं चाकणमध्ये टाइम ऑफिस मी पाहिलेलं नाही.


डावखुरा_झालो

सतरा दिवसांनी लिहितोय.

सही केली नाही. चार नोटिशी गेल्या, तीन पोचपावत्या आल्या. कंत्राटदाराची ‘घेण्यास नकार’ म्हणून परत आली. ती पण डब्यात ठेवली.

विमा नंबर निघाला. पगारपत्रक भाऊ, तुमची शंका खरी. नोंदणी अपघातानंतर तिसऱ्या दिवशीची आहे, आणि त्यात माझी कामावर लागल्याची तारीख अपघाताच्या आदल्या दिवशीची दाखवलीय. सव्वीस महिन्यांच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट शाखेत दिलं. तिथल्या मॅडमनी पावत्या एकेक करून मोजल्या आणि काही बोलल्या नाहीत, फक्त सगळ्यांवर शिक्का मारून घेतला.

ईएसआयच्या डॉक्टरने पहिला दाखला दिला. बोर्ड अजून लांब आहे, आधी उपचार संपल्याचा शेवटचा दाखला लागतो म्हणाले. अनामिका थोडी हलायला लागलीय. कणीक मळतो, खोलीतले बाकी तिघे खूश आहेत.

हजेरीचा स्क्रीनचा फोटो एकाने पाठवला, कोणी ते लिहीत नाही. त्या दिवशी इन १९:५२. आऊटचा रकाना रिकामा. आणि खाली नोंदवलेलं बोट म्हणून ‘उजवी तर्जनी’. ते वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

वडील परवा आले. त्यांना सगळं सांगितलं. हात बराच वेळ बघितला, काही बोलले नाहीत. मग कागद मागितले. चष्मा लावून तो दवाखान्याचा केसपेपर दोनदा वाचला आणि म्हणाले, तुझ्याकडं मोटरसायकल कधी होती?

नव्हती. कधीच नव्हती. लायसनही नाही. मला स्वतःला हे सुचलंच नव्हतं.


जुना_सेटर

वडिलांना नमस्कार सांग. हे पण लिहून शाखेत दे, उद्याच.